आधी माती आणा

मे महिना आला की माझं डोकं फिरायला लागतं. मिशिगनमधला मे मुळातच लबाड. सकाळी कोट, दुपारी चपला आणि पहाटे पुन्हा गवतावर पांढरं दहिवर. पण आमच्या मंडळींना एक उबदार शनिवार पुरतो. त्या एका शनिवारी नोव्हायपासून ट्रॉयपर्यंत जेवढी मराठी घरं आहेत, तेवढी सगळी मिरच्यांची, वांग्यांची, टोमॅटोची रोपं बाहेर काढतात, भेंडी पेरतात आणि एकमेकांना फोटो पाठवतात. मंगळवारी थंडी पडते. बुधवारी सकाळी ती काळवंडलेली रोपं माझ्या फोनमध्ये येऊन बसतात.

"मेधाताई, बघा ना यार, कसला रोग पडलाय?"

रोग कसला डोंबलाचा! थंडी पडली. मेमोरियल डेच्या, म्हणजे मे अखेरच्या सोमवारच्या आधी रोपं बाहेर काढू नका, हे मी गेली नऊ वर्षं सांगते आहे. मंडळाच्या पाडव्याला सांगते, जेवणाच्या रांगेत हातात ताट असताना सांगते, ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहिते. त्याला लोक अंगठा दाखवतात, म्हणजे आवडलं म्हणून दाखवतात, आणि भेंडी पेरायला जातात. पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं माझ्याच वाट्याला का, तर मी काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात आठवड्यातून दोन सकाळी काम करते. बिनपगारी. इथे राज्याच्या विद्यापीठाचं प्रत्येक काउंटीत एक लहानसं ऑफिस असतं. विद्यापीठातल्या लोकांना जे कळलं ते साध्या माणसाच्या परसापर्यंत पोचावं, एवढाच त्याचा उद्देश. तिथे माती तपासायला देता येते, झाडावरची कीड ओळखून मिळते, बरण्यांत फळं भरून ठेवणाऱ्या बायकांच्या कुकरचा काटा खरं बोलतो की खोटं ते बघून देतात, शाळेतल्या मुलांना कोंबड्या पाळायला शिकवतात. इमारत बैठी, विटांची, आतला गालिचा कोणत्या काळी कोणत्या रंगाचा होता ते आता कुणाला सांगता येणार नाही. मागच्या खिडकीतून रस्ते खात्याचं आवार दिसतं आणि त्यात मिठाचा डोंगर. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून टाकतात ते मीठ. नऊ वर्षं मी त्या मिठाकडे तोंड करून बसते आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याची मला लाज वाटायची आहे.

आमची मंडळी त्या ऑफिसात येत नाहीत. "गव्हर्नमेंट ऑफिस ना? मग फॉर्म असेल," असं म्हणतात. फॉर्म आहे, एक पान. एका डॉक्टरांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "इमिग्रेशन स्टेटस विचारतात का हो?" फक्त मातीचं विचारतात, मी म्हटलं, तुमच्या अंगणातली कुठून आली ते. ते हसले आणि खिशातून फोन काढून मला झाडाच्या एका पानाचा धूसर फोटो दाखवला. ऑफिसात यायचं नाही, पण मेधाताई भेटल्या की पान दाखवायचं. माझ्या लेकाच्या लग्नाच्या गोष्टी काढाव्यात अशा वयाच्या बायकासुद्धा माझ्याकडे मावा आणि बुरशी घेऊनच येतात.

बाकीचा गाव मात्र येतो आणि तोही डोक्याला कमी ताप देत नाही. एक आजोबा दर सोमवारी चिचुंद्र्यांची तक्रार घेऊन येतात. आम्ही त्यांना दर सोमवारी तेच माहितीपत्रक देतो आणि ते दर सोमवारी ते घडी घालून खिशात ठेवतात. एक बाई पर्समध्ये डबीतून जिवंत कोळी घेऊन आल्या होत्या आणि डबीचं झाकण नीट लावलं नव्हतं. एका मराठी इंजिनियरने माती मायक्रोवेव्हमध्ये वाळवून आणली. कागदावर पसरून सावलीत वाळवा, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. "पण काकू, धिस इज फास्टर," तो म्हणाला. घरात तीन दिवस वास होता म्हणे. बरं झालं.

डोना माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. ती गायींच्या गोठ्यात वाढलेली, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. हात फावड्यासारखे रुंद आणि बोलणं कमी. फोन आला, माणूस दहा मिनिटं आपल्या झाडाची करुण कहाणी सांगत राहिला, तरी ती शेवटी एकच वाक्य बोलते: "आधी माती आणा." फोटोवरून सांगायचं नाही, अंदाजाने सांगायचं नाही. आमच्या ऑफिसचा पहिला नियम तो. मला तो पाठ होता. इतरांना शिकवण्यापुरता फारच छान पाठ होता.

पण दर मे महिन्यात मी जी चिडते ती खरं म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या वसंतावर. आणि स्वतःवर.

ट्रॉयला निमकर काका राहतात. मूळचे नागपूरचे, पन्नासेक वर्षांपूर्वी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आलेले. त्यांच्या घरात, मागच्या काचेच्या दाराशी, सुमनकाकूंचा कढीपत्ता असायचा. रोप म्हणवणार नाही, झाडच. अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात लावलेलं, माझ्या डोक्याहून हातभर उंच. काकांनी पिंपाखाली चाकं बसवली होती. सप्टेंबरात ते आत यायचं आणि मे संपता संपता बाहेर जायचं, आणि त्या दिवशी काकू दाराला तोरण लावायच्या. इथल्या दुकानात कढीपत्ता कधी असतो, कधी नसतो, असला तरी वाळलेला. त्यामुळे आमच्यापैकी अर्ध्या घरांची फोडणी त्या एका पिंपावर चालायची. काकू डहाळी तोडून ओल्या कागदात गुंडाळायच्या, पिशवीत घालायच्या आणि दारात उभ्या राहून बजावायच्या, "फ्रीजच्या दारात ठेवू नको गं, काळा पडतो." मी या देशात आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. पहिली पिशवी त्यांनीच दिली. पोह्यांना घरचा वास आला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले होते.

त्या वसंताच्या आधीच्या नोव्हेंबरात काकू गेल्या. अचानक, दोन दिवसांत.

एप्रिलमध्ये मी काकांकडे गेले, तर झाडाच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झालेल्या. खाली पानांचा सडा. काकांनी तो झाडलाही नव्हता. ते सोफ्यावर बसले होते, समोर टीव्ही चालू, आवाज बंद.

"पाणी बरोबर देऊन राहिलो मी," ते म्हणाले. "एक्सेल शीट आहे माझी. डेट, टाइम, क्वांटिटी. तरी वाळून राहिलं. मेधा, हे झाड गेलं तर..."

मला तेव्हाच कळलं होतं की हा प्रश्न फोडणीचा नाही. त्या घरात काकूंच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. आणि म्हणून मी काय करायला हवं होतं? माती घ्यायला हवी होती. मी काय केलं? छातीवर बिल्ला असलेल्या शहाण्या बाईसारखं एक बोट कुंडीत खुपसलं आणि निकाल दिला: "काका, पाणी फार होतंय. मुळं कुजताहेत. आता दोन आठवडे थेंबसुद्धा घालायचा नाही."

काका इंजिनियर. सांगितलं तसं केलं. दोन आठवड्यांनी निम्म्या फांद्या काळ्या पडल्या होत्या.

मग मी माती नेली. फॉर्म भरला आणि घाईत चौकोन चुकीचा खुणावला. कुंडीतली माती असं खुणावायचं, ते हिरवळ खुणावलं. प्रयोगशाळेने इमानेइतबारे उत्तर पाठवलं: आपल्या हिरवळीला खत केव्हा आणि किती द्यावं. ते पान हातात घेऊन मी ऑफिसात खुर्चीवर बसून राहिले. ज्या फॉर्मवरून मी अख्ख्या गावाला झापते, तो मला भरता आला नव्हता. डोनाने मातीच्या नमुन्याचा नवा डबा पुढे सरकवला. ते जास्त लागलं.

त्या दिवसांत मी सगळ्यांवर चिडत होते. पुन्हा माती पाठवायची, पुन्हा वाट बघायची. काकांकडे येणारा प्रत्येक जण आपापलं औषध देत होता. कुणी म्हणे हळद घाला, कुणी म्हणे चहाचा चोथा, कुणी भारतातून व्हिडिओ पाठवत होतं. दर दोन दिवसांनी मी ट्रॉयला जाऊन कुंडीतून कुणाची तरी अक्कल उकरून काढत होते. घरी येऊन त्याबद्दल तावातावाने बोलत होते. माझा लेक निखिल फोनवरून मान वर न करता म्हणाला, "मॉम, यू आर मॅड अॅट अ प्लान्ट." झाडावर नाही रे बाबा, मी म्हटलं. माणसांवर. अति तिथे माती, हे या लोकांना कोण सांगणार?

दुसरा अहवाल मेच्या मध्यावर आला. आलेखातल्या सगळ्या पट्ट्या बेताच्या होत्या आणि एक पट्टी कागदाच्या काठापर्यंत गेली होती: क्षार. साध्या भाषेत, मीठ. डोनाने चष्मा नाकावर ओढला, पट्टीवर पेन्सिल ठेवली आणि मागच्या खिडकीकडे बघितलं. तिथे रस्ते खात्याचं मीठ, आता ताडपत्रीखाली, हिवाळा संपल्यामुळे अर्धं झालेलं. मी बोट खुपसून मुळं कुजली म्हणून सांगितलं होतं, पाणी बंद केलं होतं. मिठाने भाजणाऱ्या झाडाचं पाणी! थोडंफार मीठ धुऊन नेणारी जी एकच गोष्ट होती, ती मी तोडली होती. मला इतकी शरम वाटली की मी उठून पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

परत आले तेव्हा डोनाने तीन प्रश्न लिहून ठेवले होते. पाणी मऊ करायचं यंत्र आहे का, कारण त्यात मीठ असतं. बर्फाचं मीठ बुटांबरोबर आत येतं का. खत कोण आणि किती घालतं. "आरोप करू नकोस," ती म्हणाली. "विचार. आणि मग बघत बस."

विचारणं मला जमतं, बघत बसणं नाही. मी दुपारी चारला ट्रॉयला पोचले आणि दारातूनच सुरुवात केली. "काका, सॉफ्टनरचं पाणी घालता का?"

"छट! किचनचा नळ मी बायपास केलाय. स्वतः. निखिलच्या जन्माआधी."

"बर्फाचं मीठ?"

"ते गॅरेजमध्ये आहे. झाड कुठे, गॅरेज कुठे! काय विचारून राहिली तू?"

"खत?"

"काहीच नाही. तू बस आधी. ताक घेशील?"

त्यांनी फ्रीजमधून दही काढलं. रवी घेतली. आयुष्यभर मशीन चालवलेला माणूस, पण ताक मात्र रवीनेच. जिरं भाजलेलं तयार होतं. मीठ चमच्याने घेतलं, तेही बरंच. स्टीलचे तीन ग्लास भरले. एक मला दिला, एक स्वतः घेतला, आणि तिसरा ओट्यावर ठेवला. मला वाटलं, कुणी यायचं असेल. आम्ही प्यायलो. मी मिठाच्या पट्टीबद्दल सांगत होते, ते मान हलवत होते. मग ते उठले, तिसरा ग्लास उचलला, मागच्या दाराशी गेले, आणि बोलता बोलता, अगदी सावकाश, सगळीकडे सारखं पडेल अशा बेताने, तो पिंपात ओतला.

मी ओरडलेच. "काका! त्यात मीठ आहे!"

ते वळले. त्यांना माझं ओरडणं कळलंच नव्हतं. "हो. हिला बिनमिठाचं चालत नाही."

त्यांनी रिकामा ग्लास पुन्हा ओट्यावर ठेवला. मग ते आपणहूनच म्हणाले, "चार वाजले की दोन ग्लास करतो मी. फॉर्टी-सेव्हन इयर्स. आता एकाचंच कसं करायचं, ते होत नाही माझ्याच्यानं. हात दोनचंच घेतो. मग तिचा ग्लास सिंकमध्ये कसा ओतणार? ती घालायची ना कढीपत्त्याला ताक. मी बघितलंय."

काकू घालायच्या. मलाही माहीत होतं, त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्या घालायच्या ते ताकाचं भांडं विसळलेलं पाणी. मीठ घालायच्या आधीचं. तेसुद्धा उन्हाळ्यात, झाड बाहेर असताना, महिन्यातून एखाद्या वेळी. काकांनी एवढ्या वर्षांत सोफ्यावरून फक्त एवढंच पाहिलं होतं की ताक झाडात जातं. स्वयंपाकघरातल्या निम्म्या गोष्टी नवरे अशाच लांबून बघतात आणि मग बायको गेली की आठवून आठवून करायला जातात. मला त्यांचा राग आला. आधी कधी नीट बघितलं नाही म्हणून राग आला. आणि नोव्हेंबरपासून रोज, न चुकता, हा माणूस तिच्या वाटणीचं ताक तिला देत होता, आणि आता ते देऊ नका असं मीच सांगायचं होतं, याचा तर फारच राग आला. माझ्या प्रशिक्षणाच्या जाडजूड पुस्तकात यावर एक ओळ नाही.

मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. एक्सेल शीटमध्ये ताकाचा रकाना नव्हता, कारण ते पाणी नव्हतं ना.

काका खुर्चीवर बसले. "म्हणजे मीच," एवढंच म्हणाले.

"मीपण," मी म्हटलं. "मी पाणी बंद केलं." त्यांना त्याने काही दिलासा मिळाला नसावा, पण खरं होतं ते.

एक्स्टेन्शनचे लोक कुणाच्या घरी जात नाहीत, असा दुसरा नियम आहे. मेमोरियल डेच्या आदल्या शनिवारी डोना आपला ट्रक घेऊन ट्रॉयला हजर झाली. आम्ही तिघांनी मिळून ते पिंप ड्राइव्हवेवर ढकललं, तळाची भोकं मोकळी केली आणि नळी लावून सकाळभर साधं पाणी सोडत राहिलो. तपकिरी पाणी उतारावरून गटारापर्यंत वाहत होतं. काका प्रत्येक बादलीची नोंद करत होते. मग मेलेलं खोड कापायचं होतं. काकांनी करवत हातात घेतली, खोडाला टेकवली आणि तशीच धरून उभे राहिले. डोनाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि चार हात मारून काम उरकलं. पिंपात गुडघ्याएवढा खुंट राहिला. त्या वर्षी दाराला तोरण नव्हतं.

चार वाजता काका आत गेले. बाहेर आले ते ताटात चार ग्लास घेऊन. आम्ही तिघं होतो. काकांनी चौथ्या ग्लासाकडे बघितलं, मग पिंपाकडे, आणि त्यांना काय करावं ते कळेना. डोनाला यातलं काही माहीत नव्हतं. मी अहवालापुरतंच सांगितलं होतं. मी हात पुढे केला. "द्या इकडे," म्हटलं. "मला तहान लागलीय."

पुढे त्यातून जे निघालं त्याने माझा वैताग दुपटीने वाढला आहे. काकांच्या चार वाजताच्या दुसऱ्या ग्लासासाठी मी ग्रुपवर वार वाटून दिले. सोमवार-गुरुवार माझे, ऑफिसच्या दिवशीच दुपारी जाते. बाकीचे वार ज्यांचे आहेत ती तीच मंडळी, भेंडी एप्रिलमध्ये पेरणारी. बुधवारी तिघं जण एकदम जातात, शुक्रवारी कुणीच नाही. डॉक्टर तर स्वतःचं लो-सोडियम ताक घेऊन गेले होते. काकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आणि माझ्या स्वयंसेवेचे तास भरायच्या वेबसाइटवर तर या सगळ्याला रकानाच नाही. डोना म्हणाली, "कुंडीतलं झाड, पाठपुरावा, असं लिही." तसंच लिहिते.

खुंट उन्हाळाभर खुंटच राहिला. पण मागच्या वर्षी त्याच्या शेजारी, मुळापासून, एक फुटवा आला, काडीसारखा. या मेमध्ये तो माझ्या कमरेपर्यंत आला आहे. अजून बाहेर काढलेला नाही. काका रोज फोन करून मला विचारतात आणि मी रोज नाही म्हणते. परवा गुरुवारी निघताना त्यांनी मला थांबवलं, आत जाऊन एकच डहाळी तोडून आणली, ओल्या कागदात गुंडाळलेली, पिशवीत घातलेली. कागद जरा जास्तच ओला होता.

"फ्रीजच्या दारात नको ठेवू," ते म्हणाले. "काळा पडतो."

मी हो म्हटलं. गाडीत बसल्यावर ती पिशवी मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिले. तेवढ्यात फोन वाजला. नवीन कुणीतरी, पुण्याहून नुकतीच आलेली, काळजीने भरलेला आवाज. काकू, माझी मिरची सुकतेय, मी रोज तिला सगळं देते, फोटो पाठवू का?

तोंडात ताकाची चव अजून होती. काकांच्या हातून मीठ अजूनही जास्त पडतं, दोन वर्षं झाली, आणि मी एकदाही ते बोललेले नाही.

"फोटो नको," मी म्हटलं. "आधी माती आण. आणि रोज काय काय देतेस, तेही सांग. सावकाश सांग, मी ऐकतेय."